अध्यक्षसाहेबांचं चौथं झाड

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, जे आपल्या उद्यान समितीचेही अध्यक्ष आहेत आणि प्रमुख पाहुणे मिळाले नाहीत म्हणून प्रमुख पाहुणेही आहेत. आपले तत्पर सचिव. मंचावरचे सर्व मान्यवर. बागेतले माझे सकाळचे सोबती. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो, पण मंचावर खुर्ची कमी पडल्यामुळे जे तिसऱ्या रांगेत बसले आहेत, ते आपले माळीमामा आणि त्यांच्या शेजारी मामी.

मला तीन मिनिटं मिळाली आहेत. बावीस वर्षांच्या कामाला तीन मिनिटं म्हणजे समितीने हात बराच सैल सोडला. पण मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, घंटा झाल्याशिवाय थांबायची सवय नाही. सचिवांनी घंटा आणली नसेल अशी आशा करते.

आपल्या बागेची एक थोर प्रथा तुम्हाला ठाऊकच आहे. कोणाचा वाढदिवस असो, कोणाला बढती मिळो, की घरातलं कोणी गेलेलं असो, आपण बागेत झाड लावतो. लावतो म्हणजे काय, तर खड्डा मामांनी खणलेला असतो, रोपही त्यांनीच धरलेलं असतं, आणि आपण रिकामी झारी वाकडी करून फोटोसाठी हसतो. मग समिती आपल्या नावाची पाटी बसवते. ती हलू नये म्हणून रोपाच्या अगदी बुंध्याशी सिमेंटचा चौथरा. मामांनी सचिवांना एकदा विचारून पाहिलं होतं, "साहेब, मुळांना जागा लागते. पाटी जरा हातभर लांब घेऊ का?" सचिव म्हणाले, "मग झाड कोणाचं ते कळणार कसं?" प्रश्न बिनतोड होता. मामांनी सिमेंट कालवलं.

पाट्या छान जगल्या. झाडांचं काय झालं, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलं? विचारायची वेळच आली नाही, कारण पाटीमागे कायम काहीतरी हिरवं उभं असायचं. अध्यक्षसाहेब दर वर्षी आपल्या झाडाशेजारी फोटो काढून घेतात. पहिल्या वर्षी झाड त्यांच्या खांद्याला लागत होतं, दुसऱ्या वर्षी कमरेला, गेल्या वर्षी गुडघ्याला. साहेब दर वेळी म्हणाले, "बघता बघता केवढं झालं!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मी विज्ञानाची शिक्षिका, मीही वाजवल्या.

दोन महिन्यांपूर्वी समितीकडे एक तक्रारीचं पत्र गेलं: माळी सकाळी बागेतली रोपं पिशवीत घालून घरी नेतो. चौकशी झाली का? छे! चौकशी करायची म्हणजे मामांशी बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा समितीने मोठ्या मनाने ठरवलं, की बोभाटा नको, सत्कार करू आणि घरी बसवू. मामांच्या कागदांवर मात्र चोरीच्या तक्रारीचा शेरा मारून ठेवला. तो शेरा वाचून दुसरी कुठली बाग त्यांना दारात उभं करील, ते तुम्हीच सांगा.

गेल्या सोमवारी मी तासभर लवकर बागेत गेले. माझ्या यजमानांच्या नावाचं झाड आहे तिथे. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. मी रोज त्या झाडापाशी बसते आणि घरचं सगळं सांगते, अगदी कोणता नळ गळतोय तेसुद्धा. त्या दिवशी बघते तर मामा अध्यक्षसाहेबांच्या पाटीमागचं वाळलेलं रोप पिशवीत टाकत होते आणि दुसरं लावत होते.

"मामा, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"बाई, हळू बोला," मामा म्हणाले. "साहेबांचं हे चौथं आहे."

मी त्यांच्या मागोमाग थेट त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. खिडकीत, जिन्यावर, मोरीच्या कट्ट्यावर तेलाचे रिकामे डबे, प्रत्येकात रोप आणि प्रत्येकावर खडूने नाव. मामी कौतुकाने दाखवू लागल्या, "हे अध्यक्षसाहेब. तब्येतीने फार नाजूक, ऊन सोसत नाही. हे सचिव, यांना सारखी कीड लागते." सिमेंटने गुदमरलेलं रोप घरी न्यायचं, जगलं तर जगवायचं, आणि त्याच्या जागी घरी वाढवलेलं आणून लावायचं, पाटीवाल्याला पत्ता लागू न देता. मंडळी, मामांची चोरी ती हीच.

मग मामी खिडकीतल्या एका डब्यापाशी थांबल्या. "हे तुमचं," म्हणाल्या. मी माझ्या हाताने लावलेलं पहिलं रोप! चार वर्षांपूर्वी मी महिनाभर लेकीकडे गेले होते, तेव्हा ते मरायला टेकलं होतं. मामांनी दुसरं आणून लावलं, आणि ते तरी टिकावं म्हणून यजमानांच्या पाटीमागचं सिमेंट गुपचूप फोडून ठेवलं. म्हणजे चार वर्षं मी भलत्याच झाडाला संसार सांगत होते. मला राग आला. म्हटलं, "मामा, एका शब्दाने सांगायचं नाही?"

"तुम्ही रोज बोलत बसायच्या, बाई," मामा म्हणाले. "मधेच कसं सांगणार?"

मी मोरीच्या कट्ट्यावर बसून रडले. इथे रडणार नाही, वेळेचं बंधन आहे.

दुसऱ्या दिवशी सचिवांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पण निमंत्रणपत्रिका छापून झाल्या." खरंच, छापलेल्या कागदापुढे माणसाची काय किंमत?

असो. सभागृह, पुष्पगुच्छ आणि चहा यांसाठी समितीचे मनापासून आभार. आता या ठिकाणी वक्त्याने म्हणायचं असतं, की बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. मी तसं म्हणणार नाही. आज जे बोलले ते घरी तीनदा लिहून काढून बोलले आहे.

क्षमा मला दुसऱ्याच गोष्टीची मागायची आहे. मामांना पिशवी नेताना पाहिलं ते मी. तक्रारीचं पत्र लिहिलं तेही मीच, आणि खाली पहिली सही माझी आहे. बावीस वर्षं ओळखत असलेल्या माणसाला मी एक प्रश्न विचारला नाही. मामा, मी चुकले. सगळ्यांसमोर तुम्हाला हात जोडते. माझी सही मागे घेतल्याचा हा अर्ज मी अध्यक्षांच्या हातात देते आहे.

त्या पत्रावर आणखी सहा सह्या आहेत, आणि सहाही जण सुदैवाने मंचावरच बसले आहेत. मी खाली जाते. माईक चालू आहे.