बारा सुया

लाम्पांगच्या प्राण्यांच्या दवाखान्यात एक नंबरच्या खोलीत गोळ्या-ऑपरेशनवाले डॉक्टर बसत आणि दोन नंबरच्या खोलीत सुया टोचून काढे देणाऱ्या बाई. आजारी मांजरीची टोपली मांडीवर घेऊन वानित एक नंबरसमोर बसला होता. शेजारी दोन बहिणी आणि त्यांचा म्हातारा कुत्रा माखाम.

"ताई, चार दिवस झाले, माखाम खात नाहीये."

"माझ्या बोटावरचा भात चाटतो की."

"तुझं मन राखायला चाटतो."

"राखू दे. चौदा वर्षं राखतोय. तुझ्या नवऱ्याला जमलं का?"

"विषय बदलू नकोस. त्याची मूत्रपिंडं गेलीत. सुयांनी परत येणार आहेत का?"

"सुया टोचल्या की झोप लागते त्याला."

"झोपच हवी तर एक नंबरमध्ये चल. दिवसरात्र कण्हतो गं तो."

"दर पौर्णिमेला मी विहारात जाऊन जीव न मारण्याचं शील घेते. आता डॉक्टरला म्हणू, मार?"

"आणि त्याचं कण्हणं? ते पाप नाही?"

"असेल. म्हणून तर त्याच्याशेजारी जागी बसते. हे बघ, बाई बारा सुया टोचतात आणि बाराच्या बारा काढून त्याला माझ्याकडे परत देतात. तो एक नंबरवाला एकच टोचतो."

धाकटीने वाकून कुत्र्याच्या कानामागे खाजवलं.

"नऊ नंबर, खोली एक!"

कोणी उठलं नाही.

"नऊ नंबर!"

"दादा, तुमचा का हो?" थोरलीने विचारलं.

"नाही." वानितने मुठीतली नऊ नंबरची चिठ्ठी खिशात घातली. "मावशी, सुईवाल्या बाईंचा नंबर कुठे लावायचा?"