हेल्मेटची चाल

ठकुबाई : न्हाई, पर येकदा सांगा तरी. काल देवळात पेटीवर जे वाजवलंत, त्ये काय हुतं?

रखमाजी : अभंग हुता. देवळात दुसरं काय असणार?

ठकुबाई : अभंग तोंडात हुता. बोटात काय हुतं?

रखमाजी : चाल वाईच निसटली. वय झालंय बोटांचं.

राजनंदिनी : आई, हळू बोला ना. आत्ता कुठं शुभ्राचे डोळे जड झालेत. काय झालं देवळात?

ठकुबाई : तुला ठावं न्हाई व्हय? आख्ख्या गावाला ठावं झालं. तुजं सासरं, भजनी मंडळाचं बुवा, जल्मभर सिनेमाच्या चालीला शिव्या घातल्याला माणूस! काल गुरवारच्या भजनात अभंग उचलला, आन् दुसऱ्या वळीला गाडी जी गेली ती थेट हेल्मेटवर.

राजनंदिनी : हेल्मेट? 'हेल्मेट काढ ना रे राजा'? आमचं? शुभ्राचं?

ठकुबाई : त्येच. पयल्यांदा मला वाटलं, बायकांत कुणाचा मोबाईल वाजला. म्या सगळ्यांकडं डोळं वटारून बगितलं. फुलाबाई बिचारी आपली पिशवी चाचपाया लागली.

राजनंदिनी : आबा! अहो, आठवडाभर मी तुमच्या विनवण्या करतीये. सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय, आई भाताच्या काढणीला जाणार, मंदारची सकाळपाळी. दुपारी हिला झोपवायला घरात तुम्ही एकटे. एवढं एक गाणं शिका म्हटलं तर काय म्हणालात मला?

रखमाजी : म्हनलो, ज्या तोंडानं देवाचं नाव घेतो त्या तोंडातनं हेल्मेट निघणार न्हाई. आन् न्हाईच निघालं. बोटातनं निघालं.

राजनंदिनी : म्हणजे येतं तुम्हाला!

रखमाजी : येत न्हाई. ऐकू येतं. तू आत पोरीला घिऊन सकाळ-दुपार त्येच म्हनती, आन् मधली भिंत ईटभर. कान काय खुंटीला टांगून ठिवू? त्यापरीस मोबाईलवर लावून दे की तिला.

राजनंदिनी : लावून बघितलं ना मंगळवारी. झोपायचं सोडून मोबाईलला फटके मारत बसली. तिला छातीला कान लावून, आतून ऐकायचं असतं. पोटात असताना तसंच ऐकलंय तिनं. कापूरहोळला आमच्या लॅबच्या भिंतीला लागून गॅरेज आहे. इकडे मी लोकांचं रक्त तपासतीये, आणि तिकडे त्यानं शटर उघडलं की दिवसभर हेल्मेट. सुरुवातीला मला डोकं दुखायचं. मग एक दिवस गॅरेज बंद होतं, तर ही पोटात लाथा मारायला लागली. मीच म्हटलं शेवटी.

रखमाजी : मंग त्या गॅरेजवाल्यालाच ठिवा की सांभाळाया.

राजनंदिनी : आबा, चेष्टा नका ना करू. सरांनी इतके महिने माझी जागा धरून ठेवलीये. सोमवारी नाही गेले तर दुसरी मुलगी घेणार आहेत. इथं मला काही कमी नाही. पण मला जायचंय. आणि ही रडत असताना मला एसटीत बसता येणार नाही.

ठकुबाई : जाशील गं. अवं, बोला की काय तरी.

रखमाजी : आदी तिला देवळातलं पुरतं सांग. मंग बग म्हनंल का शिका म्हणून.

ठकुबाई : पुरतं सांगते. मला वाटलं, आता समदी थांबत्याल. तर सोनबाचा पखवाज थांबायचं सोडून चढला! आन् पोरी, ती जागा आली बग. हार्नची. ह्यांनी भिऊन पेटीवरचा हात काढला. तर सोनबा, कोंडिबा, समदं मंडळ, येका सुरात : पॅं पॅं!

राजनंदिनी : देवळात?

ठकुबाई : देवापुढं. कोंडिबाचं तर येक पॅं जास्तच झालं.

रखमाजी : हसू नगंस. म्हंजी समद्यांना येत हुतं. माज्याम्होरं 'बुवा, जुनं त्ये सोनं' आन् घरी जाऊन हेल्मेट! कोंडिबाला अभंगाची तिसरी वळ म्हनाया सांग, डोळं फिरवील. हार्न मात्र बरूब्बर जाग्यावर.

राजनंदिनी : इंद्रजित भाऊजी होते का काल?

ठकुबाई : पायरीवर. आत कुठं येतोय त्यो.

राजनंदिनी : सप्ताहात ज्यांच्या हातातून तुम्ही टाळ काढून घेतले होते, तेच ना? अभंगाला सिनेमाची चाल लावली म्हणून?

रखमाजी : त्योच. भर सप्त्यात. ह्याच हातानं.

ठकुबाई : बाकी समदी हसली, त्यो न्हाई हसला हां. गुडघ्यावर ताल धरून बसला हुता, मान खाली घालून.

रखमाजी : हसला असता तर बरं झालं असतं.

राजनंदिनी : आबा... बघा, परत उघडले हिनं डोळे. घ्या. घ्या हो मांडीवर. एकदाच म्हणा. देऊळ नाही हे, ओटा आहे.

रखमाजी : कुणी रस्त्यानं येतंय का बग, ठके.

ठकुबाई : बंडूची म्हस चाललीया. ती कुणाला सांगायची न्हाई.

रखमाजी : हं. हेऽऽऽऽल... मेऽऽऽऽ...

राजनंदिनी : आबा, आलाप नको!

रखमाजी : सूर लावाया नगं व्हय? असा उघडाबोडका कसा चालू करू?

राजनंदिनी : तुमचं 'हेल्मेट' पुरं होईपर्यंत तो राजा घरी जाऊन, जेवून झोपेल. असं म्हणायचं, उडतं. 'हेल्मेट काढ ना रे राजा, चेहरा दाव ना रे, काचेमागं कोण हाय मला ठाव ना रे.'

रखमाजी : शबुद तरी बग. काचेमागं कोण हाय ठाव न्हाई. मंग त्याच्या गाडीवर बसलीच कशाला?

ठकुबाई : का? आमी न्हाई बसलो? तुमच्या तोंडाम्होरं ह्या दाट मुंडावळ्या. आंतरपाट धरल्याला. म्या तरी कुठं तोंड बगितलं हुतं?

रखमाजी : ...मंग?

ठकुबाई : मंग काय. मुंडावळ्या काढल्यावर बगितलं. तवर उशीर झाला हुता.

राजनंदिनी : बघा आबा, आईंचंच गाणं निघालं हे!

रखमाजी : काय बी. चार दिसाची गाणी ही. उसाच्या चिपाडावानी, चगळली की थुकली. पुढच्या सालाला कुणाला याद राहायची न्हाईत.

राजनंदिनी : मला राहतात. मला वर्षं आकड्यांनी आठवतच नाहीत, गाण्यांनी आठवतात. अकरावीला भोरच्या कॉलेजला जायला लागले तेव्हा ते खिडकीच्या सीटचं गाणं होतं. मागच्या बाकावर कुणीतरी लावायचं, आणि डेपो येईपर्यंत आख्खी एसटी...

रखमाजी : त्ये व्हय, 'सरक ना थोडी'? त्यात बाई खाली गाती आन् बाप्या वर. उलटं केलंय समदं.

राजनंदिनी : ...हो. तेच. त्यानंतर मंदार भेटला त्या वर्षी ते मिस कॉलचं...

रखमाजी : त्येला बासरी बरी हुती. पर पंधरा सेकंदात संपिवली मेल्यांनी. वाजवणाऱ्याला जेवाया जायचं हुतं जणू.

ठकुबाई : तुमी कवा ऐकलं ओ?

रखमाजी : गणपतीत. डीजे बंद कराया गेलो हुतो तवा.

राजनंदिनी : आणि आमच्या वरातीचं? तुम्ही तर टेम्पोत कानात बोटं घालून बसला होतात. मी बघितलं होतं, मला इतकं वाईट वाटलं होतं.

रखमाजी : त्यात तिसऱ्या कडव्याला ढोलकी उशिरा येती. दर बारीला. तिथंच पोरांचं पाय चुकलं, आन् मंदारचा घोटा मुरगाळला.

ठकुबाई : बोटं कानात घालून ऐकलंत?

रखमाजी : बोटं सैल हुती.

राजनंदिनी : अहो, मला तिसरं कडवं आहे हेच माहीत नव्हतं! लॉकडाऊनमधलं तरी नसेल आठवत. मी माहेरी अडकले होते, मंदार इथं. दोघं फोन लावून एकाच वेळी एकच गाणं ऐकायचो. रेंज गेली की त्याचं पुढं आणि माझं मागं.

रखमाजी : 'बंद गावाची वाट.' मंदार माळावर जाऊन लावायचा, मोठ्यानं. मी खालनं वरडायचो. पर त्येचा सूर... त्येचा सूर बरा हुता. ओळखीचा. येक दिस लावलं न्हाई त्यानं, तर म्या विचारलं, का रं, बरं न्हाई का?

राजनंदिनी : तुम्ही विचारलं होतंत?

रखमाजी : तब्बेतीचं विचारलं.

ठकुबाई : माजंबी येक हाय. डोळ्याचं आपरेशन झालं, पट्टी काढली, आन् जीपमधनं येताना त्ये वाजलं, आंब्याचं कायसं. बाहेर झाडं दिसत हुती, येकेक पान. म्या डायवरला म्हनलं, परत लाव. कापूरहोळपसनं घरापतुर तेवढंच लावाया लावलं. ह्यांना न्हाई सांगितलं. म्हनलं, उगं हिरमोड करत्याल.

रखमाजी : मी काय केलं असतं?

ठकुबाई : ढोलकी कुठं उशिरा येती त्ये सांगितलं असतं.

राजनंदिनी : आबा, खरं सांगू? ह्या दहा वर्षांतलं मला एवढं नाही आठवत, जेवढं तुम्हाला आठवतंय. ज्यांना आवडायचं त्यांनी नुसतं नाचून घेतलं. ऐकलं तुम्हीच.

रखमाजी : शिव्या घालायच्या म्हंजी नीट ऐकावं लागतं, पोरी.

ठकुबाई : अवं, ती नात बगा. कवाधरनं तुमच्या तोंडाकडं बगत पडलीया. गाणं सुरू करून मधीच भांडणं.

रखमाजी : बरं. बरं. हं... 'हेल्मेट काढ ना रे राजा, चेहरा दाव ना रे...'

राजनंदिनी : अस्सं!

रखमाजी : '...काचेमागं कोण हाय मला ठाव ना रे. नाक्यावर थांब ना, हार्न तरी वाजव ना...' झालं.

राजनंदिनी : झालं काय? हॉर्न?

रखमाजी : हार्न मी म्हननार न्हाई. हार्नची जागा मोकळी सोडायची. समजून घेतंय माणूस.

राजनंदिनी : ती सात महिन्यांची आहे, आबा. ती नाही समजून घेत. बघा, भुवया कशा वर केल्यात. आता ओठ काढेल. आत्ता रडेल हां...

ठकुबाई : काल देवाम्होरं समद्यांकडनं वाजवून घेतलात, आन् नातीम्होरं लाज?

रखमाजी : म्हस गेली का?

ठकुबाई : गेली, गेली.

रखमाजी : ...पॅं पॅं.

राजनंदिनी : परत. खालच्या आवाजात. छातीतून.

रखमाजी : पॅं... पॅं. ठके, बग गं. मिटलं का डोळं? मला वाकून बगता येईना.

ठकुबाई : मिटलं. आता हलू नगासा.

रखमाजी : किती येळ?

ठकुबाई : ती उठंपतुर.

(सोमवारी संध्याकाळी. राजनंदिनी कापूरहोळहून कामावरून परतली आहे. ओट्यावर रखमाजी, मांडीवर झोपलेली शुभ्रा. ठकुबाई नुकतीच रानातून आली आहे.)

राजनंदिनी : झोपलीये? आत्ता परत? आणि दुपारी? दुपारी झोपली होती का? दूध प्याली? दोनदा फोन लावला, रेंजच नाही.

रखमाजी : चप्पल तरी काढ. बस. झोपली, उठली, दूध प्याली, माज्या मिशीला लोंबकाळली, आन् परत झोपली.

राजनंदिनी : गाणं म्हणालात? एकट्यानं?

रखमाजी : येकट्यानं न्हाई. दुसरं कडवं मला उचलंना. तिथं ताल वाकडा हाय. मंग बंडूला धाडलं, म्हनलं, इंद्रजितला बोलीव.

राजनंदिनी : आले भाऊजी?

रखमाजी : आला. दारातच हुबा. म्हनलं, आत ये, आन् मला त्या कडव्याला ताल धरून दाव. त्यानं धरला. मी म्हनलं, गुडघ्यावर नीट कळंना, आतनं टाळ घे. खुंटीवर त्येचंच हुतं. त्यानं ओळखलं.

ठकुबाई : घरी घिऊन गेला म्हनं टाळ.

रखमाजी : गुरवारी आणायच्या बोलीवर दिलंय. चाल मात्र जुनीच, हे आदी कबूल करून घेतलं. आन् तुजी लॅब? तुजी जागा हाय का जाग्यावर?

राजनंदिनी : आहे. सगळं होतं तसंच आहे. गॅरेजवाल्यानं गाणं तेवढं बदललंय. आज दिवसभर भलतंच काहीतरी लावलं होतं. मला उगीच... जाऊ दे. रडली का हो ही?

ठकुबाई : छे! नाव न्हाई रडायचं. तू गेलीस त्ये तिनं बगितलंबी न्हाई म्हनं.

राजनंदिनी : हो का? बरं झालं. छानच झालं की. मी एसटीत उगीच... चांगलंय. सवय झाली म्हणायची.

रखमाजी : ठके, तू रानात हुतीस. तुला काय ठावं? रडली की.

राजनंदिनी : रडली?

रखमाजी : लई न्हाई. वाईच. दाराकडं बगून.

ठकुबाई : अवं, पर मगाशी तर तुमी म्हनलासा...

रखमाजी : चुलीवर काय उतू चाललंय का बग जा. रडली, पोरी. पयलं कडवं हुईस्तवर. हार्न आल्यावर थांबली.

राजनंदिनी : हॉर्न म्हणालात तुम्ही?

रखमाजी : म्हनलो. पर तुज्यावानी न्हाई जमला. तिला कळतंय.