बंधाऱ्याच्या व्हिडिओचा आवाज

— न्हाई मावशी, फॉरमॅट मारा म्हनून तुमाला सांगितलं कोनी? समोरच्या गाळ्यातल्यानं? व्हयच. त्याला दुसरं येतंय काय? लॅपटॉप तापला — फॉरमॅट. माउस हालंना — फॉरमॅट. सगळं पुसलं असतं म्हंजे तुमचा व्हिडिओ बी गेला असता, आनि मोबाईल तर तुमी विहिरीत टाकून बसलाय! … बरं, पडला, टाकला न्हाई. खरं सांगू का, तुमी दारात आला तवा मी बी तेच सांगनार हुतो. बचत गटाला कुन्या संस्थेनं दिलेला जुना लॅपटॉप, आत लिनक्स, फुकटातलं सॉफ्टवेअर — म्हटलं, कोन डोकं लावनार? पन तुमी म्हनला, तीन वाजता ग्रामसभा हाय, गावचा बंधारा कसा बांधलाय ते पडद्यावर दाखवायचंय. म्हनून बसलो.

आता बघा, वायफाय कुटं बिघडलंय? कुटंच न्हाई. आतलं कार्ड ठनठनीत हाय, त्याला चालवनारा ड्रायव्हर तेवढा गायब. अपडेट चालू असताना झाकन कोनी लावलं? तुमीच ना? भात अर्धा शिजल्यावर चूल इझवता का घरी? आनि गंमत बघा — ड्रायव्हर उतरवायला नेट पायजे, नेट यायला ड्रायव्हर पायजे! समोरचा हितंच रडला असनार. आपन काय केलं? माजा मोबाईल केबलनं जोडला, त्याचं नेट दिलं, ड्रायव्हर टाकला, बंद करून चालू केला. आलं का न्हाई वायफाय? लिनक्सला नावं ठेवत्यात लेकाचे!

ऱ्हायला व्हिडिओ. चित्र हाय, आवाज न्हाई. कोडेक नसला की असं हुतं — म्हंजे मोबाईलनं आवाज गुंडाळून गाठ मारून ठेवलाय, ती सोडायची युक्ती ह्याच्यापाशी न्हाई. फुकट मिळते, फकस्त नेट लागतं. उतरतंय बघा. तवर चित्र बघू.

हे बोट तुमचं? बोटानं खरवडलं की सिमेंट पडतंय? अरारा… भाकरीचा पापुद्रा बी ह्याच्यापरीस घट्ट असतोय! असल्या ठेकेदाराला ह्याच बंधाऱ्याखाली घर बांधून द्यावं, पोराबाळांसकट ऱ्हा म्हनावं. कोन हाय हा? सभेतच सांगनार? सांगा की! हा टोपीवाला, पाठमोरा उभा? थांबा, झालं उतरून. लावतो आवाज —

“बायांनो, काम पुरं झाल्याची सही कवाच झाली. आता दगडावर डोकं आपटा, न्हाईतर घरी जाऊन भाकऱ्या थापा.”

…

मागं घेतो जरा. परत ऐकतो.

…

न्हाई, लॅपटॉपला काय झालं न्हाई. पानी नको मला. बसा.

तुमाला ठावं हुतं? शपथ? … दाजी हायेत ते माझे. श्रीमंत दाजी, आमच्या आरतीताईचं मालक. हे काउंटर, ही खुर्ची, भाईरचा बोर्ड — त्यांनीच उभं करून दिलं. गेल्या महिन्यात हितं बसून म्हनले, हनुमंता, बायका लई माजल्यात, कसलं तरी शूटिंग केलंय. कुटल्या दुकानात आलं तर मला कळव. गाव सांगितलं न्हाई त्यांनी. मी इचारलं बी न्हाई. हसलो आनि च्या मागवला. आन सकाळपास्नं ह्या समोरच्याला नावं ठेवतोय मी!

आरतीताई तोंड बघनार न्हाई माजं. बघू दे, न्हाईतर नको बघू दे. तुमी काय बगताय माज्याकडं? पुसलं न्हाई मी. हा घ्या पेनड्राईव्ह, त्यात दुसरी कॉपी टाकलीय. पिशवीत नको, कनवटीला खोचा. प्रोजेक्टरची वायर जोडली आनि आवाज न्हाई आला, तर वर कोपऱ्यात कर्न्याचं, म्हंजे स्पीकरचं चित्र हाय, त्यावर दाबून प्रोजेक्टर निवडा. म्हना बघू परत. … हां. आवाज मोठा ठेवा. शेवटपत्तुर लावा, मधी कोन बी वराडलं तरी.

आनि दुरुस्त कोनी केलं इचारलं तर — नका सांगू. न्हाई, सांगा. हनुमंतानं केलं म्हना, पारनेरच्या.

उठा मावशी. मागच्या दारानं जावा, म्होरं दाजींची गाडी आत्ताच येऊन थांबलीय. जावा म्हनतो ना!