तिच्याकडे आहे तेच मशीन

उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या दुकानात वृंदा दुरुस्तीला दिलेल्या मिक्सरची वाट पाहत बसली होती. शेजारी एक नवरा-बायको रंगीत काचेच्या कडा घासायचं मशीन निवडत होते.

"याहून मोठं दाखवा."

"भाभी, नवीन शिकताय ना? छोटं घ्या. पाण्याची टाकी काढून धुता येते," दुकानदार म्हणाला.

"सुहासिनीनं कुठलं नेलं?"

"हेच छोटं."

"मग मोठंच द्या."

"नलू, तू अजून एक काचसुद्धा कापली नाहीस," नवरा म्हणाला.

"तिच्या खिडकीतला काचेचा मोर बघायला तुम्ही सारखे पालेगावला जाता. माझं भरतकाम कधी पाहिलंत?"

"मोर खरंच छान झालाय गं."

"म्हणून चहा होईपर्यंत बघायचा?"

कारागिरानं मिक्सर आणून वृंदापुढे ठेवला. ती काही उठली नाही.

"बरं, मोठं घेतलंस, तर चालवायला शिकवणार कोण?"

नलूनं मोठं मशीन मागे सारलं.

"शेठ, छोटंच बांधा. सुहासिनीला ते येतं. तीच येईल आमच्याकडे शिकवायला."

"वा! मग मीपण शिकेन."

"तुम्ही तेव्हा गिरणीवर दळण घेऊन जाल."