बाकावरचे टॉवेल

योर्मा : ...म्हणून म्हणतो, अहवालात माझंच नाव राहू दे. टेकडीवरच्या फोन-टॉवरच्या यंत्राची वीज मी काढली, तू नाही.

हेल्का : का काढलीस, ते सांग आधी.

योर्मा : दुरुस्तीला गेलो, लॅपटॉप जोडला, तर यंत्र आतच घेईना. 'जागा नाही' एवढंच म्हणायचं. बोटं गारठली होती. म्हटलं, बंद करून चालू करू. त्यात गावाचे फोन गेले, शेजारच्या आयलीच्या मनगटावरची मदतीची घंटाही गेली. आणि नेमकी तेव्हाच ती पडवीत घसरली.

हेल्का : हात कसा आहे त्यांचा?

योर्मा : प्लास्टरमध्ये. रोज सूप नेऊन देतो. ती बोलत नाही फारसं. शनिवारी गावच्या सौनात वाफ घ्यायलाही जात नाही मी आता. कुठल्या तोंडानं जाऊ?

हेल्का : योर्मा, जागा का नव्हती, माहितीये?

योर्मा : ते तुमचं ऑफिसातलं गणित, पोरी.

हेल्का : माझा प्रोग्राम यंत्राशी सेशन उघडतो, म्हणजे आत एक जागा धरतो, चौकशी करतो, सेशन बंद करून निघतो. पण उत्तर आलं नाही, की बंद न करताच निघायचा. सौनात टॉवेल टाकून बाक अडवावा आणि परत फिरकूच नये, तसं. टॉवेल साठत गेले. तुला बसायला बाकच उरला नाही.

योर्मा : तपासलं नव्हतंस?

हेल्का : तपासलं ना. इथे औलू शहरात, ऑफिसातल्या टेबलावरच्या यंत्रांवर. ती नेहमी उत्तर देतात. तुमच्याकडे वादळात लिंक तुटते, हे मनातच आलं नाही. घरी माझ्या बाळाच्या पाळण्याची कडी मी पुन्हापुन्हा बघते रे. आणि इथे...

योर्मा : म्हणजे मी कितीही थांबलो असतो, तरी...

हेल्का : तरी जागा झाली नसती. अहवालात मी माझं नाव घातलंय.

योर्मा : अहवाल गावात कोण वाचतंय.

हेल्का : आत्ता कुठे आहेस तू?

योर्मा : तिच्याच स्वयंपाकघरात. सूप गरम करतोय.

हेल्का : त्यांना फोन दे.

योर्मा : नको गं. तिखट बाई आहे.

हेल्का : दे.

आयली : कोण बोलतंय?

हेल्का : मी हेल्का. तुम्ही मला ओळखत नाही. योर्मावर रागावला असाल, तर तो राग माझ्या वाट्याचा आहे.

आयली : त्याच्यावर कोण रागावलंय? तोच खाली मान घालून वाडगा ठेवतो आणि पळतो. बरं, तुझं काय चुकलं ते सांग. सावकाश सांग. या हातानं मला कुठे जायचंय.