जहाजावरच्या कवायतीतला हात

तुमी हसाल, पण त्या आलिशान क्रूझवरची ती दुपार मला अजून नीट सांगता येत नाही. पोरानं आमाला हौसेनं तिकिटं काढून दिलेली. जहाज सुटण्याआधी प्रत्येक प्रवाशानं लाइफ जॅकेट घालून डेकवर कवायतीला यायचं, हा तिथला नियम. एक माणूस कमी असला तरी जहाज हलत नाही.

माझी बायको शोभा मात्र खोलीत आडवी. "सोलापूरपासनं बसून पाय सुजलेत. मी न्हाय येत. आजारी हाय म्हणून सांगा की."

मी एकटाच गेलो. गर्दीत उभा होतो, तेवढ्यात शेजारून कुणीतरी माझा हात धरला. लई गार हात. म्हटलं, आली शेवटी. सगळ्यांना समोर बघायला सांगत होते, म्हणून मी मान वळवली नाही. हजेरी घेणारी पोरगी आली. तिनं माझ्याकडं बघितलं, शेजारी बघितलं आणि म्हणाली, "दोघं हजर."

भोंगा वाजला तशी पकड घट्ट झाली. भोंगा थांबला आणि हात सुटला. वळून बघितलं तर शेजारी कुणीच नव्हतं.

खोलीच्या दाराला आतून कडी होती. बराच वेळ ठोठावल्यावर शोभा डोळे चोळत आली.

"कवायतीला येऊन न सांगता परत कशी आलीस?"

"कुटं? मी झोपले होते की!"

मी तिचा हात धरून बघितला. ऊबदार होता.

 आता घरीसुद्धा शोभानं हात धरला, की मी आधी तिच्या तोंडाकडं बघतो.