ताबडतोब म्हणजे किती वेळ

—ताबडतोब. एवढंच लिहिलंय मासेमारीच्या नियमांच्या पुस्तकात, मिस्टर. बास मासा पकडला की ताबडतोब सोडायचा. मेच्या शेवटी हंगाम सुरू होतो, त्यानंतर ठेवा, खा, काय हवं ते करा. त्याच्या आधी पकडायला हरकत नाही, ठेवायला आहे. बोटीतल्या टाकीत नाही, बादलीत नाही, दोरीला अडकवून पाण्यात सुद्धा नाही. आता ताबडतोब म्हणजे किती, हे मला विचारू नका, मी गांडुळं विकते. गळ सोडवायला वेळ लागतो ना? लागतो. पट्टीवर मोजला तर? फोटो काढला तर? माझे वडील म्हणायचे, मासा वर काढलास की स्वतःचा श्वास रोखून धर, तुला श्वास लागला की त्यालाही लागला. मला विचाराल तर ताबडतोब म्हणजे तेवढंच. पण तुम्ही मला का विचारताय?

नाही, विचारा, विचारायला बंदी नाहीये. फक्त माणूस दुकानात येतो तेव्हा आधी गांडुळं बघतो, नाहीतर दोऱ्याची रिळं बघतो. तुम्ही आल्यापासून खिडकीतून माझ्या धक्क्याकडे बघताय. टोपी नवी कोरी, बुटाला चिखल नाही, आणि पहिला प्रश्न काय, तर पकडलेला बास टाकीत किती वेळ ठेवलेला चालतो! असा प्रश्न इथे दोनच प्रकारची माणसं विचारतात. एक ज्याने ठेवलाय तो, आणि दुसरा वॉर्डन, मासेमारीचे नियम तपासणारा. हसू नका. मागच्या वर्षी साध्या कपड्यात एक आला होता, तोही हसला होता. असाल तर असा. माझ्या टाक्यांमध्ये आमिषाचे बारके मासे आहेत, पावत्या या खणात आहेत, उघडून बघा. बास या दुकानात कधी आलेला नाही. आला असेल तर कोणाच्या तरी टोपीवर छापलेला.

नाही? वॉर्डन नाही? बरं. नसाल.

कॉफी घ्या. घ्या हो, वॉर्डनलाही देते मी. वेलदोड्याचा पाव आहे, कालचा आहे पण बुडवून बरा लागतो. आणि एक सांगते, या नियमात न्याय बघायला जाऊ नका. जुलैमध्ये इथे स्पर्धा असते. पन्नास बोटी, प्रत्येकीच्या टाकीत पाच-पाच बास, सकाळपासून दुपारपर्यंत. त्यांना घेऊन तळंभर धावतात, मग पिशवीत घालून वजनकाट्यावर, लोक टाळ्या वाजवतात, मग मोटेलच्या समोर सगळे एकाच ठिकाणी सोडून देतात. कोण कुठल्या खाडीतला, कोण कुठल्या दगडाखालचा, कोणी विचारत नाही. ते कायद्यात बसतं. आणि मे महिन्यात एका माणसाने एक मासा, एकच, एक्केचाळीस मिनिटं ठेवला, तर त्याचा परवाना गेला. हं? होता इथे एक माणूस. गाइड होता. बाहेरच्या लोकांना बोटीतून न्यायचा. तुम्हाला नाव कशाला हवंय?

चूक होतीच त्याची, मी नाही म्हणत नाहीये. हे बघा, हे लोकांना कळत नाही— जुलैचा बास आणि मेमधला बास एक नाही. मेमध्ये नर घरटं करतो. या माझ्या धक्क्याच्या टोकाशी, तीन फूट पाण्यात, शेपटीने वाळू झाडून झाडून एवढी परातीएवढी जागा स्वच्छ करतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते. मग तो एकटा. खात नाही, जागा सोडत नाही, नुसता वर गोल गोल फिरतो. आणि चारी बाजूंनी सनफिश टपलेले असतात, तळहाताएवढे पण मेले पक्के चोर. तो दोन मिनिटं बाजूला झाला तर ते आत. गेल्या मेमध्ये मी सहा दिवस बघत होते. म्हणजे मुद्दाम नाही— खिडकी इथेच आहे, गल्ला इथेच आहे, दुसरीकडे बघणार कुठे? सकाळी आले की आधी तो आहे का बघायचं, मग कॉफी ठेवायची. नवरा गेल्यापासून सकाळी कोणी आहे का बघायची सवय राहिली नव्हती, ती परत लागली. असो. म्हातारीचं काय ऐकताय.

तर त्या दिवशी रेनोची बोट आली, आणि पुढच्या टोकाला शिकागोचा एक—

हो, रेनो. रेनो कंगास. बोर्डावर वाचलंत ना, दुकानाच्या? लेम्पी कंगास, माहेरचंच नाव लावते. बरोबर. भाऊ आहे माझा. आता कळलं ना तुम्हाला, झालं समाधान? लपवत नव्हते. कोणालाही विचारलंत तर सांगेल.

तर शिकागोवाल्याने गळ टाकला तो थेट घरट्यावर. आणि नराने तो घेतला. भुकेने नाही घेत ते, अंड्यांवरून हाकलायला तोंडात धरतात. एवढा मोठा मासा त्या माणसाने जन्मात पाहिला नव्हता, नाचायला लागला बोटीत. आता त्याची बायको पलीकडच्या काठाला केबिनमध्ये झोपलेली, आणि याला फोटो तिच्याबरोबर हवा. मी धक्क्यावरच होते, हातात जाळी. म्हटलं, "रेनो, सोड त्याला, खाली अंडी आहेत." रेनो म्हणाला, "सोडतो गं, दहा मिनिटं." म्हटलं, "दहा मिनिटं नाही, आत्ता." तेव्हा तो त्या माणसाकडे वळला आणि म्हणाला, "ही माझी बहीण. माशांची सुईण आहे, हिला विचारल्याशिवाय तळ्यात कोणी अंडी घालत नाही." आणि ते दोघं हसले. शिकागोवाला तर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मासा टाकीत टाकला, झाकण लावलं, गेले.

मी तिथेच उभी. सनफिश आले. पहिले दोन, मग दहा, मग मोजायचं सोडून दिलं. जाळी आपटली पाण्यावर, गुडघ्यापर्यंत आत उतरले, पाणी बर्फासारखं, माझं वय अडुसष्ट. एका बाजूने हाकलले की दुसऱ्या बाजूने. एक्केचाळीस मिनिटांनी बोट परत आली. टाकी रिकामी. "सोडला की केबिनपाशी," रेनो म्हणाला, "धडधाकट गेला पोहत. येईल परत, मासाच आहे तो." दोन मैल, मिस्टर! आणि परत येऊन करणार काय होता, वाळू राखणार?

मग कोणीतरी फोन केला. तो तक्रारीचा नंबर असतो ना, पुस्तकाच्या पाठीमागे छापलेला. नाव सांगावं लागत नाही. मी नाव सांगितलंच नाही, नुसता बोटीचा नंबर दि—

म्हणजे ज्याने केला त्याने.

काय बघताय असे? पाव खा.

हे बघा, वाटलं होतं समज देतील. बोलतील दोन शब्द, खाली मान घालून ऐकेल, संपलं. पण त्याला आधी दोनदा समज मिळालेली होती, हे कोणाला माहीत? मला नव्हतं. आणि तो शहाणा शिकागोवाला, त्याने बायकोबरोबरचा फोटो सगळ्या जगाला दाखवलेला, तारीख-वेळेसकट. आणि रेनोला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. वॉर्डनने विचारलं, हा म्हणाला, हो ठेवला. गाइडचा परवाना गेला. बत्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलेलं नाही, मिस्टर. आता खरं सांगू का— तुम्ही इथले नाही म्हणून सांगते— अंड्यांसाठी मी कदाचित आत येऊन रडले असते आणि गप्प बसले असते. तो हसला नसता तर पुस्तक उलटून नंबर बघितला नसता मी. परक्या माणसापुढे हसला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण रेनोला नाव हवं होतं. कोणी केला फोन? आणि त्याच्या डोक्यात आला वाइनो पेल्टो. खाडीच्या पलीकडे राहायचा, बोटीच्या आवाजावरून कुरकुर करायचा, पण चाळीस वर्षं दर शनिवारी दोघं एका सौनात, वाफेच्या न्हाणीत, बसायचे, एकमेकांच्या पाठी घासायचे. ऑक्टोबरमध्ये चर्चच्या जेवणात, सगळ्यांसमोर, रेनो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "वाइनो, माझ्या तोंडातला घास काढून तुला काय मिळालं?" वाइनोने काटा खाली ठेवला. "मी नाही केलं," म्हणाला. एकदाच. कोट घेतला आणि बायकोला घेऊन गेला. मी कुठे होते? मी तिथेच होते. बटाटे वाढत होते. हातात पळी होती, तोंड उघडलं होतं, आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितीये? "ग्रेव्ही कोणाला हवी का?"

हिवाळाभर वाइनोच्या दारातला बर्फ कोणी काढला नाही. इथे सांगून कोणी काही करत नाही, नुसतं करायचं सोडून देतात. ऑक्टोबरपासून रोज म्हणायचे, उद्या सांगते. रेनो रविवारी जेवायला यायचा, वाइनोला शिव्या द्यायचा, मी त्याच्या ताटात वाढायचे. मार्चमध्ये वाइनोने घर विकलं, मुलीकडे वॉसॉला गेला. जायच्या आदल्या दिवशी इथे आला होता, तुम्ही उभे आहात तिथेच. काही घेतलं नाही. खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "लेम्पी, इथून तुझ्या धक्क्याचं टोक दिसतं. माझ्या घरातून मधे झाडं येतात." बस. मग म्हणाला, "काळजी घे गुडघ्यांची." आणि गेला. त्याला माहीत होतं हो. सगळा हिवाळा माहीत होतं. एका शब्दाने बोलला नाही कोणाला, आणि मी—

तुम्ही त्याचे कोणी आहात का? जावई? खरं सांगा. वाइनोने पाठवलंय तुम्हाला? नाही? मग वर्तमानपत्रवाले? नाही. मग हे सगळं माझ्याकडून काढून घेताय कशाला— बरं, तुम्ही काढलं नाहीत, मीच बोलत सुटले. पण विचारायला आलात ते उगाच नाही. कोण आहात तुम्ही?

बोट घेतलीत? कोणती बोट?

रेनोची?

...त्याने मला सांगितलं नाही विकतोय म्हणून. कधी? आज सकाळी. बरं. हो, टाकी आहे तिच्यात, मागच्या बाकाखाली, झाकणाची कडी जरा अडते. मुलीला मासा दाखवायचाय, काठावर असते ती, म्हणून विचारत होतात. एवढंच होतं होय. मग आल्या आल्या हे नाही का सांगायचं माणसाने! किती वर्षांची आहे? सात. मग तिलाच बोटीत बसवा, कॉर्कचं जाकीट घाला, पाण्याशी वाकून बघू दे, आणि सोडा.

थांबा. तुम्हाला माझ्याकडे पाठवलं कोणी? इथून चार मैलांवर दुसरं दुकान आहे, रस्त्यावरच आहे, ते सोडून तुम्ही इथे वळलात.

रेनोने.

काय म्हणाला? नाही, तसं नाही, शब्द सांगा त्याचे. जसे म्हणाला तसे.

"पकडलेल्या बासबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्या बहिणीला विचारा. तिला तो नियम माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे."

असं म्हणाला. हसून म्हणाला, की तसाच? आठवा ना. हसला का तो?

नाही आठवत.

बरं. परत जाणार आहात तिकडे? गाडा न्यायला, बोटीचा. आत्ता. तो असेल घरी. तर त्याला सांगा— नाही. काही सांगू नका. तुम्ही काही ऐकलेलं नाही, तुम्ही गांडुळं घ्यायला आला होतात. घ्या, हा डबा घ्या. राहू द्या ते पाकीट, आत ठेवा. जा तुम्ही. जा म्हणते ना, मला फोन करायचाय, तुम्ही तिथे पोचायच्या आत करायचाय. पाटी उलटी करा जाताना, दुकान बंद आहे.